तिसरा पुकारा

ताईचा फोन आला तेव्हा साहेब एका वाक्यातला एक शब्द बदलत होते. ‘खेद’ लिहावं की ‘चिंता’, एवढाच काय तो प्रश्न. पण त्या एका शब्दापायी वकिलातीतली चार शहाणी माणसं सकाळपासून डोकं खाजवत बसली होती. खेद म्हटलं तर घडायचं ते घडून गेलं असं होतं, चिंता म्हटलं तर अजून दार उघडं आहे असं होतं. आणि दार पुरतं उघडं नाही, पुरतं बंदही नाही, असं किलकिलं ठेवण्यातच साहेबांची हयात गेली होती.

‘घुम्या, हातातलं काम ठेव आणि ऐक,’ ताई म्हणाली.

एका अख्ख्या देशाच्या राजदूताला घुम्या म्हणणारी दोनच माणसं आता जगात उरली होती. एक ही थोरली बहीण. दुसरे वडील, आणि ते महिनाभर कुणाला ओळखत नव्हते.

‘बाबांचं कोर्ट पुन्हा भरायला लागलंय,’ ताई सांगत होती. ‘सकाळचे अकरा वाजले की उशीवरून मान उचलतात आणि पुकारे सुरू. मेलेल्या माणसांची नावं, कुठल्या काळातल्या केसेस. त्याचं मला काही नाही. पण काल त्यांनी तुझा पुकारा केला. तुझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. तीनदा. मग कपाटाकडे वळून म्हणाले, गैरहजर. तेव्हापासून पाण्याचा घोट घ्यायला तयार नाहीत.’

साहेब ऐकत होते. काहीतरी वाटायला हवं होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपण गालावर बोट टोचून बघतो ना, तसं त्यांनी आतल्या आत चाचपून पाहिलं. काही लागत नव्हतं.

‘मी फोनवरून ओ देऊ का?’ त्यांनी विचारलं.

‘मला सुचलं नसेल का ते? फोन कानाशी नेला तर हातावर फटका मारला माझ्या. म्हणाले, कोर्ट चालू आहे, तो डबा बाहेर ठेवा. तू ये. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. त्यांच्यासमोर उभा राहा आणि हाक मारली की नुसतं ‘हजर’ म्हण. जीव अडकलाय त्यांचा तुझ्या त्या एका ओ मध्ये. बाकी काही नको.’

‘बघतो,’ साहेब म्हणाले.

झालं. ताईचा पारा चढला. ‘काय बघतोस? आई गेली तेव्हाही बघतोच म्हणाला होतास. तुझ्या त्या टेबलावर बघतोचा अर्थ काय होत असेल तो होवो, आपल्या घरात बघतो म्हणजे नाही. येतोस की नाही, एवढं बोल.’

साहेब उत्तर ठरवू लागले. पलीकडे ताईनं फोन आपटला.

आता हा पुकारा म्हणजे काय प्रकरण, ते सांगायलाच हवं. बाबा कोर्टात पट्टेवाले होते. आत न्यायाधीशांनी मान हलवली की व्हरांड्यात यायचं आणि पक्षकाराच्या नावानं हाक मारायची, हे त्यांचं काम. तीनदा हाक. पहिली बाकावर बसलेल्यांसाठी, दुसरी आवारात उभ्या असलेल्यांसाठी, तिसरी रस्त्यापलीकडे चहा ढोसत बसलेल्यांसाठी. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही की आत येऊन सांगायचं, गैरहजर. मग निकाल एकतर्फी. तिसऱ्या हाकेआधी बाबा थांबायचे आणि छाती भरून श्वास घ्यायचे. ‘घाई करणारा पट्टेवाला असता,’ ते म्हणत, ‘तर कितीतरी लोकांची घरं एका कप चहात बुडाली असती.’

आवाज असा खणखणीत, की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं पहिल्या हाकेला उडायची आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत परत बसायला धजायची नाहीत. घर कोर्टाच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. हळू बोलणं बाबांच्या गावीच नव्हतं. ‘मीठ कुठाय?’ असं आईला विचारलं तर शेजारची बाई मिठाचा डबा घेऊन दारात उभी. आणि घरात कायदा एकच, बापाची हाक आली की पहिल्या हाकेला ओ. ‘पहिल्या हाकेला येतो तो शहाणा,’ बाबा म्हणायचे. ‘दुसऱ्या हाकेला येतो तो चारचौघांसारखा. तिसऱ्या हाकेला येतो तो वकिलानं पढवलेला.’

ताई पहिल्या हाकेला हातातलं टाकून धावायची. हा मात्र त्याच खोलीत असून ओ द्यायचा नाही. काय म्हणायचं ते आधी मनात ठरवायचं असायचं त्याला. ‘कुठे होतास?’ ‘इथंच.’ ‘मग ओ द्यायला काय धाड भरली होती?’ आता याचं उत्तरही ठरवायला हवंच. तोवर पाठीत धपाटा बसलेला असायचा. म्हणून घुम्या.

पण घुम्या अभ्यासात एक नंबर निघाला. कोर्टाच्या रिकाम्या बाकावर बसून वाचायचा. परदेश सेवेच्या परीक्षेत वर आला. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? घुम्या जरा थांबला आणि म्हणाला, ‘न्यायखात्यात आहेत.’ समोरच्या एकाच्या भुवया आदरानं वर गेल्या, आणि घुम्यानं त्या खाली आणायची तसदी घेतली नाही.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा बाबा खो खो हसले. ‘यात खोटं कुठाय? खात्यात आहेच की मी! फक्त दाराबाहेर आहे.’ मग हसू ओसरल्यावर, जेवता जेवता, त्यांच्या मानानं बरंच हळू म्हणाले, ‘पट्टेवाला म्हटलं असतंस तर काय नापास केलं असतं का रे?’ घुम्या उत्तर ठरवत राहिला. तोवर ताटं उचलली गेली.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मात्र बाबांनी गल्ली डोक्यावर घेतली. ‘मी जन्मभर वकिलांना हाका मारल्या आणि पोरगा बसणार वकिलातीत! शेवटी आलास ना आमच्याच धंद्यात?’ हा विनोद त्यांनी पुढे येईल जाईल त्याला ऐकवला, आणि दर वेळी स्वतःच आधी हसले.

पहिल्याच नेमणुकीत एका मुरलेल्या वरिष्ठानं कानमंत्र दिला. ‘समोरच्यानं विचारलं की लगेच बोलू नकोस. पहिल्या हाकेला ओ देणारा टेबलावर मार खातो. शांतता सोड त्याच्या अंगावर. त्याला ती सोसत नाही, मग तोच आणखी काहीतरी देऊन बसतो.’ बाबांच्या कायद्याच्या अगदी उलटा कायदा! पण घुम्याला तो शिकावा लागला नाही, तो त्याच्या हाडातच होता. ज्या खोडीपायी घरी धपाटे खाल्ले तिच्यावर बाहेर बढत्या मिळत गेल्या. तिसरा सचिव, पहिला सचिव, सल्लागार, राजदूत. देश बदलले, पडद्यांचे रंग बदलले, सामानाची खोकी मात्र तीच राहिली. घुम्याचे साहेब झाले.

एकदा पकडून ठेवलेल्या खलाशांच्या सुटकेची बोलणी चालली होती. समोरच्या मंत्र्यानं एक अवघड अट घातली आणि उत्तराची वाट बघत बसला. साहेब समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले. इतका वेळ, की बिचारा दुभाषी उगाच खोकायला लागला. शेवटी मंत्र्यानंच अट मागे घेतली. खलाशी आपापल्या घरी गेले, त्यांच्या बायकापोरांनी साहेबांना दुवा दिला, आणि तो दुवा खराच होता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच आठवड्यात आई गेली. साहेब पोचले तेव्हा सगळं आटोपून घरातली भांडी पालथी घातलेली होती. ते जेवले, चार जणांशी बोलले आणि परत गेले. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे! ताई काहीच म्हणाली नाही.

बायको एकदा म्हणाली होती, ‘तुमच्याशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं. तिचे निदान पोपडे तरी पडतात.’ हल्ली ती मुलीजवळ राहते, भलत्याच देशात. भांडण काही नाही. मुलगी वाढदिवसाला फोन करते, बापलेक एकमेकांकडे तिकडच्या हवेची चौकशी करतात आणि फोन ठेवतात.

तर ताईनं फोन आपटल्यावर साहेबांनी ‘चिंता’ हा शब्द कायम केला, मसुद्यावर सही केली आणि रजा टाकली. बोलणी ऐन रंगात आली होती, हाताखालचे अधिकारी चक्रावले. साहेबांनी कारण सांगितलं, ‘कौटुंबिक.’ विमानात शेजारच्या बाईनं विचारलं, घरी निघालात का? त्याला ते हो म्हणाले, तेही जरा थांबूनच.

ताईनं दार उघडलं. क्षणभर भावाकडे बघितलं, त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि म्हणाली, ‘वाळलास. चपला काढ, हात धू. अकरा वाजत आलेत.’

बाबा खिडकीजवळच्या पलंगावर होते. छातीपर्यंत पांघरूण, शेजारी औषधांच्या पट्ट्या, समोर लाकडी कपाट. तेच त्यांचे न्यायाधीश. त्यांच्याकडे बघून साहेबांना एवढंच वाटलं, की तो एवढा मोठा आवाज या एवढ्याशा माणसात मावत कसा होता?

‘काल पुन्हा केला तुझा पुकारा,’ ताई हळूच म्हणाली. ‘पुन्हा गैरहजेरी लागली. आज नाही लागायची. शब्द लक्षात आहे ना? हजर. तेवढंच.’

‘हो.’

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि खरोखरच बाबांची मान उशीवरून उठली. डोळे कुणावरच नव्हते. त्यांनी कुठल्याशा माणसाचं नाव पुकारलं. आवाज फाटलेला, पण शेवटचा चढ तोच. पायथ्याशी उभी असलेली ताई पटकन म्हणाली, ‘हजर!’ मग प्रतिवादीचं नाव. पुन्हा ताईच, ‘हजर!’

‘परवा एकाच केसमध्ये सासूही मीच आणि सूनही मीच,’ ती भावाच्या कानाशी कुजबुजली. ‘सून जिंकली.’

साहेबांना हसू यायला हवं होतं. ओठ तेवढे हलले.

आणि बाबांनी त्यांचं नाव घेतलं. पुकाऱ्यात जसं घेतात तसं, पूर्ण. मधलं नाव म्हणजे स्वतःचंच, ते बाबा नेहमी घाईनं उरकायचे. आताही उरकलं. ‘हजर आहे काऽऽ?’

साहेब हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. हजर म्हणायचं ठरलंच होतं. पण नुसतं हजर? माझे वडील आहेत हे, यांच्यापुढे मी साक्षीदारासारखं हजर म्हणू? ‘आलो बाबा’ म्हणावं. पण आलो म्हटलं की इतके दिवस नव्हतो असा अर्थ निघतो. ‘इथंच आहे’ म्हणावं, तर ते धडधडीत खोटं.

दुसरी हाक आली. ताईनं कोपरानं ढोसलं, चांगलं बरगडीत ढोसलं. साहेबांना कळत होतं. पण ‘बाबा’ हा शब्द आधी घ्यावा की मागाहून, हे अजून नक्की होत नव्हतं, आणि एक हाक बाकी होती. तिसऱ्या हाकेआधी ते थांबतात, तेवढ्यात होईल नक्की. शेवटच्या क्षणापर्यंत थांबायची साहेबांना सवय होती. शेवटच्या क्षणानं त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता.

काय म्हणावं या माणसाला! बाप हाक मारतोय, आणि हा मसुदा करतोय.

बाबा थांबले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. ताईनं डोळे मिटून घेतले. श्वास आत गेला, थोडा वेळ आतच राहिला, आणि मग तसाच रिकामा, हळूहळू बाहेर आला. मान उशीवर कलली. त्यांना झोप लागली होती.

‘हजर,’ साहेब म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. पंखा फिरत होता.

स्वयंपाकघरात ताईनं चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि गॅस न पेटवताच उभी राहिली. ‘तीन अक्षरं रे,’ ती म्हणाली. ‘फक्त तीन. कुठल्या कुठल्या देशांची भांडणं मिटवतोस म्हणे. तीन अक्षरं निघेनात तुझ्या तोंडातून?’

‘मी शब्द शोधत होतो.’

‘शब्द दिला होता ना तुला! मी दिला होता. फोनवरच दिला होता.’ आता ती रडत होती, आणि रडता रडताच तिनं गॅस पेटवला. ‘उद्या. उद्या अकराला. आणि उद्या जर का गप्प राहिलास तर तुझं तोंड बघणार नाही मी.’

दुसऱ्या दिवशी साहेब अकराच्या आधीच पलंगाशी जाऊन उभे राहिले. अकरा वाजले. मान उठली नाही. ताईनं खुर्ची पुढे सरकवली, ते बसले नाहीत. त्यांनी वाकून बाबांच्या कानाशी सांगितलं, ‘हजर.’ मग जरा मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. बाबांचा श्वास खरखरत चालू होता, त्याच्यात काही फरक पडला नाही. न बोलावता हजर म्हणणाऱ्याला कोर्टात कोण विचारतो?

त्यानंतर बाबांचं कोर्ट भरलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई चमच्यानं पाणी पाजत होती, ते तसंच ओठांच्या कडेनं उशीवर उतरलं. ती म्हणाली, ‘घुम्या, गेले रे.’

साहेबांनी सगळं रीतसर केलं. डॉक्टरांना बोलावलं, गाडी ठरवली, नातेवाइकांना कळवलं, अंत्यविधी पार पाडला. कुठेही चूक नाही, कुठेही आवाज नाही. आलेली माणसं पुन्हा म्हणाली, धीराचा माणूस. वकिलातीतून शोकसंदेश आला, त्यात ‘तीव्र दुःख’ असं होतं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि शब्द योग्य आहे असं त्यांना वाटलं. स्वतःला कुठे काही दुखतंय का, तेही त्यांनी पुन्हा एकदा बघितलं. काही नाही. गाल बधिर तो बधिरच.

सगळे पांगल्यावर दोघं बहीणभाऊ रिकाम्या पलंगासमोर बसले. ताईचा राग ओसरला होता. थकली होती बिचारी.

‘दोनच हाका झाल्या होत्या त्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘म्हणजे गैरहजेरी नाही लागली तुला.’

‘मग काय लागलं?’

‘काय लागणार? तारीख पडली.’

साहेबांनी मान हलवली. पडलेल्या तारखेला आता पुकारा कोण करणार, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी मृत्यूचा दाखला आणायचा होता. लांबट हॉल, एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या, टोकाला काचेची खिडकी आणि काचेत बोलायला पाडलेलं भोक. नंबर दाखवणारं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून आतला कारकूनच नावं पुकारत होता. ताई म्हणाली, ‘सांग ना तू कोण आहेस ते, लगेच देतील.’ साहेब म्हणाले, ‘नको.’

खिडकीशी गेल्यावर कारकुनानं अर्ज घेतला. ‘मयताचा व्यवसाय राहिलाय इथे. काय करायचे?’

साहेब जरा थांबले. सवयच ती.

‘पट्टेवाले,’ मागून ताई म्हणाली. ‘कोर्टात पट्टेवाले होते. तसंच लिहा.’

कारकुनानं लिहिलं. ‘बसा. नाव घेतो.’

दोघं बसले. पुढच्या रांगेत एक बाई लहान मुलाला मांडीवर थोपटत होती. कारकून एकेक नाव पुकारत होता. माणसं उठत नव्हती, कुणी फोनवर बोलत होतं, कुणी डुलक्या काढत होतं. तो पुन्हा पुकारत होता, पुन्हा पुकारत होता, आणि वैतागून कागद बाजूला टाकत होता. साहेब काचेतल्या भोकाकडे बघत बसले होते. मनात काही नव्हतं.

कारकुनानं पुढचा कागद उचलला. त्यानं साहेबांचं नाव घेतलं, मग बाबांचं नाव घेतलं, ते मधलं होतं म्हणून घाईनं उरकलं, आणि आडनाव अजून त्याच्या तोंडातच होतं.

‘हजर!’

साहेब उभे होते. कधी उठले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आवाज त्यांचा नव्हता. असा आवाज त्यांनी जन्मात काढला नव्हता. खणखणीत, रस्त्यापलीकडे जाईल असा. हॉलमधली सगळी डोकी वळली, मांडीवरचं मूल दचकून रडायला लागलं, ताईनं तोंडावर हात घेतला.

‘अहो, हळू!’ कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला. ‘इथंच आहे मी.’ साहेब खिडकीशी पोचले तेव्हा मात्र तो हसला. दाखल्यावर शिक्का मारून त्यानं तो भोकातून पुढे सरकवला. ‘पण बरं वाटलं हो. चार-चार हाका मारून माझा घसा बसतो, लोक समोर बसून ओ देत नाहीत. तुम्ही पहिल्या हाकेला उठलात. वडिलांनी वळण चांगलं लावलंय.’

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. दोन्ही हातांनी खिडकीची कड घट्ट धरली आणि पुन्हा म्हणाले, ‘हजर.’ मग आणखी एकदा म्हणाले. आता त्यांचा चेहरा पार वेडावाकडा झाला होता, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली काउंटरवर पडत होतं, आणि ताईनं येऊन खांद्याला धरलं तरी त्यांच्या तोंडी तेवढंच होतं. कारकुनाला काही कळेना. त्यानं दाखला उचलून ताईच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं.